बुडणाऱ्या कंपनीचा तास

प्राध्यापक टिपणीस जाऊन वर्ष झालं, तरी विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात त्यांचा सोमवारचा तास चालूच होता. जुन्या तासांवरून घडवलेली त्यांची प्रतिमा पडद्यावर त्यांच्याच आवाजात शिकवत असे. ही प्रतिमा वापरण्याचा करार वाढवायचा म्हणून आज त्यांच्या मुलीला, ऋजुताला, सहीसाठी बोलावलं होतं. ती थकून मागच्या बाकावर बसली.

"परदेशातल्या विद्यापीठांनाही सरच हवेत," शेजारी बसलेले विभागप्रमुख लोहोकरे तिच्या हाती पेन देत कुजबुजले. "नाही म्हणू नका, ताई. आमची पंचाईत होईल."

ऋजुताने हात वर केला. "सर, बुडणारी कंपनी माणसाने कधी सोडून द्यावी?"

"तीन निकष आहेत," प्रतिमा लगेच म्हणाली.

"बाबा आधी चष्मा पुसायचे," ऋजुता लोहोकऱ्यांना हळूच म्हणाली. "मग म्हणायचे, मलाही अजून कळलेलं नाही, तुम्हीच सांगा."

"ते आम्ही काढलं. सर उत्तरच देत नाहीत, अशी तिकडच्या मुलांची तक्रार होती."

तिने सही न करताच पेन त्यांना परत दिलं.

"मग आत्ताच बंद करू?" लोहोकऱ्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"एवढा तास संपू दे," ती म्हणाली. "आवाज तरी त्यांचाच आहे."