दुर्बीण नको

"आतड्यात दुर्बीण घालून बघावं लागेल, अप्पा," डॉक्टर म्हणाले. "आदल्या दिवशी औषध घालून चार लिटर पाणी प्यायचं. पोट साफ होईपर्यंत दहा-बारा वेळा जावं लागतं."

सिद्धलिंगअप्पा कसंनुसं हसले. "उदगिरात बारा दिवसांनी टँकर यायलाय, डॉक्टर. प्यायचं कुठून अन् टाकायचं कुठून? दुर्बीण नको."

पाण्याचं निमित्त होतं. अप्पांचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते. पोटात जरा कळ आली की अप्पांना तोच शेवट दिसे. दोन महिने त्यांना धड झोप नव्हती, जेवण नव्हतं. आज नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी बाजार बंद, अप्पांचं दुकानही बंद. म्हणून बायको, शिवकांता, त्यांना ओढूनच घेऊन आली होती.

डॉक्टरांनी एक डबी पुढं केली. "मग आधी शौचाची तपासणी करू. डोळ्यांना न दिसणारं रक्तही यात कळतं. रक्त निघालं, तर मात्र दुर्बिणीला पर्याय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी डबी भरून दिली. शिवकांता ती लॅबमध्ये पोचवून आली.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्त होतं.

अप्पांनी रिपोर्ट शिवकांतापुढं टाकला. शिवकांता कागदाकडं बघतच राहिली. "असं कसं हुईल?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "असं न्हाई व्हायचं."

तिचा भाऊ नांदेडला होता. तिथं नळाला अजून पाणी येत होतं. त्याच्या घरी राहून अप्पांनी औषधाचं पाणी संपवलं आणि ते दुर्बिणीसाठी दवाखान्यात गेले.

"आतडं स्वच्छ आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "गाठ नाही, जखम नाही. ते रक्त कुठून आलं, कळत नाही. पण तुम्हाला काही झालेलं नाही."

बाहेर येऊन अप्पा लहान पोरासारखे रडले. मग त्यांना कडकडून भूक लागली. समोरच्या हॉटेलात त्यांनी दोघांसाठी पुरी-भाजी मागवली. शिवकांतानं ताटाला हात लावला नाही.

"खा की. आता कशाचा घोर?"

"तुमी आधी पोटभर खाऊन घ्या."

अप्पांनी आणखी दोन पुऱ्या घेतल्या. त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत ती थांबली.

"लई भ्यालता तुमी," मग ती हळूच म्हणाली. "रिपोर्ट चांगला आला म्हंजी झोप तरी लागंल, असं वाटलं मला. म्हणून त्या डबीत मी माझं भरून दिलं होतं."