हाल्वरच्या शेतातला दगड

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण ही गोष्ट खरी आहे, म्हणून कोणाला सांगितली नाही. १९८४ साली मिनेसोटात शेजारच्या हाल्वरच्या शेतातल्या दगडावर मी पुस्तकात बघून व्हायकिंगांची, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या दर्यावर्दींची, अक्षरं कोरली, निव्वळ गंमत म्हणून.

दुसऱ्या दिवशी म्हातारा हाल्वर धापा टाकत आला. “गिरीश, चल, बघ! माझे नॉर्वेचे पूर्वज कोलंबसच्या आधी इथे येऊन गेले!” त्याचे भरलेले डोळे बघून माझी जीभ रेटेना.

मग दगड तपासायला युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर आले आणि कोरीवकाम ताजं आहे म्हणाले. गावाने हाल्वरलाच लबाड ठरवलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. तो गप्प राहिला, मीही.

तीन वर्षांनी तो गेला. दफनानंतर त्याच्या मुलीने माझ्या हातात स्टीलचा पेला ठेवला. “प्रोफेसर येऊन गेले त्या संध्याकाळी डॅडना हा दगडामागच्या गवतात सापडला. ‘मी गेल्यावरच गिरीशला दे,’ म्हणाले.”



पेल्यावर माझ्या बायकोचं, उत्तराचं, नाव घातलेलं होतं, आणि हाल्वर आमच्याकडे रोज त्यातूनच ताक प्यायचा.