तिसऱ्या रांगेतला हशा

काबूलहून परागंदा झालेले उस्ताद पुण्याच्या रंगमंचावर चार भाषांत हसवायचे. मराठीला टाळ्या, हिंदीला शिट्ट्या, इंग्रजीला मानेनं दाद. शेवटचा फारसी चुटका मात्र रोज कोरडा जायचा. विंगेतून हशे मोजायची खोड माझी. नऊ वर्षांत त्या चुटक्याच्या नावावर एकही नव्हता.

“उस्ताद, काढून टाका ना तो.”

“आज शेवटचा,” ते म्हणाले, जुना सदरा टाकावा तसे.

त्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा त्याच चुटक्यावर एकटाच खदखदून हसला. उस्ताद जागीच थिजले.

नंतर रंगपटात त्यांनी ओळख करून दिली, “हे आमच्याकडचे सेन्सॉर अधिकारी. याच चुटक्यावर यांनी अहवाल लिहिला आणि मला देश सोडावा लागला. आता सरकार उलटल्यावर हेही पळून आलेत.”

“मग तिकडे का नाही हसलात, आजोबा?” मी टोचलं.

“हसलो की. घरी जाऊन, दार लावून.”

उस्तादांना राग आला नाही, आनंदही नाही. चेहऱ्यावरचा रंग पुसत ते मला म्हणाले, “चुटका राहू दे. आणि यांची खुर्ची रोज राखून ठेव.”