दाबाचा काटा

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रसायनांच्या टाक्या पनवेलबाहेरच्या एका यार्डात धुतात. तिथला नियम साधा आहे: आतला दाब शून्यावर आला, की मगच माणसानं टाकीत उतरायचं. नियम असूनही तो पाळला जातो, हे तिथलं पहिलं आश्चर्य.

त्या दिवशी जेवणं नुकतीच झाली होती. धुतलेल्या टाकीवर ऊन पेंगत होतं. दाबाच्या मीटरचा काटा सावकाश चढत होता, सावकाश उतरत होता.

"मॅडम, ही निजलीय जनू," उतरायला तयार झालेला तुळशीराम म्हणाला. "उठवू कशी?"

"मीटर बिघडलाय, काका," सुरक्षा बघणारी दीपिका म्हणाली. तिनं दुसरा मीटर लावला. तोही तसाच डुलू लागला.

मग तिचं लक्ष तुळशीरामच्या छातीकडे गेलं. "काका, जरा श्वास धरा बघू."

त्यानं धरला. काटा थांबला. त्यानं सोडला, काटा हलला. तुळशीरामला गंमत वाटली. तो खळखळून हसला, तर काटा नाचला.

पण दाब आहे तोवर उतरता येत नाही, आणि टाकी संध्याकाळी बंदरात हवी होती. दीपिकानं व्हॉल्व्ह थोडा उघडला.

सूं करत हवा बाहेर आली. टाकीत कालपर्यंत अमोनिया होता. वास मात्र सुकटीचा आला. तुळशीरामच्या डब्यात आज तीच होती.

काटा शून्याकडे निघाला. तुळशीराम छातीवर हात ठेवून हळूच खाली बसला.

"मॅडम," तो आदबीनं म्हणाला, "बाकीची हवा आतच ऱ्हाऊ द्या."