बोनेटमधलं लिंबू

मारोतीरावांनी जुन्या मिनीबसमध्ये पलंग अन् शेगडी बसवून फिरतं घर केलं. पण पुसदला लेकीकडे जायला निघालं, की गाडी सेल्फच घेईना. नजर लागली म्हणून ते दरवेळी लिंबू-मिरची बांधत, तीही बोनेटच्या आत, बॅटरीच्या वर. बाहेर बांधलेली बकऱ्या खाऊन जात.

बॅटरी बदलली, सेल्फ बदलला. शेवटी जहीर मिस्त्रीनं बोनेटात डोकं घातलं.

“काका, या लिंबाच्या रसानं वायर खाऊन टाकली.”

त्यानं वायर बदलली अन् गाडी लगेच चालू झाली.

मारोतीराव ती कुजकी वायर हातात घेऊन बायकोला म्हणाले, “पाह्यलं का वं, केवढी जबर नजर होती. लिंबू नसतं तं अख्खी गाडी खाल्ली असती.”

अन् दोन ताजी लिंबं घेऊन ते पुन्हा बोनेटकडे गेले.