अर्धा सूर खाली

तिसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर परीक्षक पाच मिनिटं नुसते उभे होते. जिन्याचा दम केव्हाच ओसरला होता. बेलकडे हात उठत नव्हता तो लाजेमुळे, आणि ही लाज बरीच जुनी होती.

काखेत जपून धरलेलं पुडकं होतं. त्यात एक रेकॉर्ड आणि पुरस्काराचं पत्र.

बरोक काळातल्या, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या, प्रार्थनासंगीताच्या रेकॉर्ड त्यांनी आयुष्यभर जमवल्या होत्या. पलंगाखालीसुद्धा रेकॉर्डच. बायको म्हणायची, सवत परवडली, ती निदान एकच असते. एकाच रचनेची अकरा-अकरा ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकायची, कोणाचा श्वास कुठे तुटला ते टिपायचं आणि रविवारच्या सदरात निकाल द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. सोनारानंच कान टोचावेत, असं वाचक कौतुकानं म्हणत, आणि ते कौतुक परीक्षकांच्या डोक्यात गेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी, शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी हौशी गायकांचा वृंद जमवून रेकॉर्ड काढली. चाळीस आवाज आणि साथीला एक छोटा ऑर्गन. परीक्षकांनी ती लावली आणि पहिल्याच ओळीला कान टवकारले. सगळं गाणं अर्धा सूर खाली होतं. त्यांनी लिहून टाकलं, 'वरच्या फळीवरच्या डब्याला हात पुरेना, म्हणून या मंडळींनी फळीच खाली आणून ठोकली आहे.'

खूप हशा पिकला. वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. वर्षाच्या आत वृंद मोडला आणि बाईंनी पुन्हा कधी रेकॉर्ड काढली नाही.

चार वर्षांनी एका नामांकित वृंदाची नवी रेकॉर्ड परीक्षकांच्या हाती आली. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की बरोक काळात पट्टीच अर्ध्या सुरानं खाली असे, म्हणून आम्ही त्याच जुन्या पट्टीत गातो आहोत. परीक्षकांनी पुस्तिका तिथेच टाकली. त्यांनी बाईंची रेकॉर्ड शोधून पुन्हा लावली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत नेमकी अर्धा सूर खाली, केसभरही ढळलेली नाही. दमलेला वृंद असा मोजूनमापून उतरत नसतो. हे जाणूनबुजून केलेलं होतं. जे भल्याभल्यांना चार वर्षांनी सुचलं ते शाळेतल्या एका बाईंना आधीच कळलं होतं, आणि आपण त्यांचं हसं केलं.

चूक छापून कबूल करायला त्यांची लेखणी काही धजली नाही. एकदा त्यांनी बाईंना गोलगोल पत्र लिहिलं, की त्या रेकॉर्डवर पुन्हा लिहायची इच्छा आहे. एका ओळीचं उत्तर आलं, 'कृपा करून जुनं उकरू नका.' बाई केवढ्या दुखावल्या असतील, या विचारानं त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही.

या वर्षी ते पुरस्कार समितीचे अध्यक्ष झाले. प्रार्थनासंगीताच्या उत्तम रेकॉर्डचा पुरस्कार एका तरुण वृंदाला मिळणार हे जवळजवळ ठरलंच होतं, आणि त्या पोरांचं काम खरोखर निर्दोष होतं. पण रेकॉर्ड याच वर्षीची हवी अशी नियमांत अट नव्हती, म्हणून परीक्षकांनी बाईंची जुनी रेकॉर्ड पुढे आणली. दोन मतं इकडे, दोन तिकडे झाली. अध्यक्षांचं मत बाईंना पडलं. निकाल आज सकाळी छापून आला होता, खाली परीक्षकांच्या सहीचं निवेदन. जुन्या पट्टीत गाणारा पहिला वृंद, असं त्यात ठळक लिहिलं होतं.

शेवटी त्यांनी बेल वाजवली.

दार बाईंच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. ऐंशी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. रेकॉर्डवर सर्वांत वरचा आवाज होता तो या ताईंचाच. आतल्या टेबलावर आजचं वर्तमानपत्र होतं आणि निवेदनाभोवती पेन्सिलीनं चौकट आखलेली होती.

"तुम्हीच ना ते फळीवाले?" ताईंनी विचारलं.

परीक्षक हो म्हणाले.

"बावीस वर्षं मी कुणासमोर गायला तोंड उघडलं नाही. माझा आवाज पोचेना म्हणून सूर उतरवला, असं लोक बोलायचे."

"चूक माझ्या कानाची होती, ताई. तुमच्या आवाजाची नव्हती. मला माफ करा."

ताईंनी त्यांना आत बसवलं. मग आत उभ्या असलेल्या बाईंना म्हणाल्या, चहा टाक यांच्यासाठी. चहा येईपर्यंत त्यांनी त्या रचनेची वरची ओळ म्हणूनही दाखवली. आवाज वर जाऊन चिरकला, तेव्हा परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

साखर केव्हाच विरघळली होती, तरी बाई चमचा फिरवत राहिल्या. पुरस्काराच्या पत्राला त्यांनी हातही लावला नाही. जखम अजून ओली आहे, हे परीक्षकांना समजलं.

ते निघाले तशा बाई सोडायला खाली आल्या, थेट शेवटच्या पायरीपर्यंत.

"तुम्ही मला माफ केलेलं नाही, ते मला दिसतंय," परीक्षक म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. ताईंचं गुणगुणणं जिन्यात ऐकू येत होतं.

"ताईला यातलं काही कळता कामा नये," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तेव्हा ती साठीची होती. आवाज वर चिरकायला लागला होता, आणि ते तिला सांगायची माझी हिंमत होईना. जुनी पट्टी वगैरे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या ऑर्गनचा कळफलक सरकवता यायचा. रेकॉर्डिंगच्या आधी तो एक घर, म्हणजे अर्धा सूर, खाली सरकवला आणि कुणाला बोलले नाही. तुमचा कान खरा होता. फळी मीच खाली ठोकली होती."