मधली जागा
बकुळने नव्या ऑटोफोकस कॅमेऱ्याने रामघाटावर काका-काकूंच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे फोटो काढले, पण रोल धुऊन आला तेव्हा दोघंही धूसर होते आणि त्यांच्यामधून दिसणारी होडी मात्र लख्ख. तिने दोघांना पुन्हा पायरीवर बसवलं. “काकू, हा कॅमेरा मधोमध असेल तेच टिपतो. मधे जागा सोडू नका.” काकूंनी घाटावरच्या गर्दीकडे पाहिलं. चारचौघांत त्या काकांना कधी खेटून बसल्या नव्हत्या. “रोल बरबाद नको व्हायला,” म्हणत त्या सरकल्या. वेदपाठशाळेत शिकवणारे काकाही सरकले. खांद्याला खांदा लागला, काकूंना हसू फुटलं आणि बकुळने बटण दाबलं. काकू पायऱ्या चढू लागल्यावर काकांनी हळूच विचारलं, “लांब बसलेल्यांचा फोटो यात येतच नाही?” “येतो की. फोकस हाताने करायचा.” “काकूला सांगू नकोस,” काका म्हणाले, “उद्या आणखी दोन काढ.”